‘वही है माताजी, कंपनी अलग है’

पत्र

ताई,

मी ६८ वर्षांची, सुदामानगरात राहते. ३१ वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले. गेल्या महिन्यात इंदुरातल्याच एका खासगी हॉस्पिटलात माझा उजवा गुडघा बदलला. थायरॉईड, बीपी आणि शुगर हे तिन्ही पाहुणे माझ्याकडे कायमचे मुक्कामाला आहेत.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या बशीपाठोपाठ सिस्टरने कागदी कपात पाच गोळ्या आणल्या. थायरॉईडची होती, मेटफॉर्मिन होती, एक कॅल्शियमची, एक दुखण्यावरची, आणि एक गुलाबीसर, जी मी कधी पाहिलेली नव्हती. विचारलं तर म्हणाली, ‘वही है माताजी, कंपनी अलग है.’ ‘वही’ म्हणजे कोणती, हे विचारेपर्यंत ती पुढच्या बेडवर पोचली होती. मी घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळीही घेतली. नंतर फिजिओथेरपीवाल्या मुलीने वॉकर देऊन उभं केलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने घट्ट धरलं म्हणून पडले नाही. बीपी ९०/६० निघालं. सलाईन लावलं, तासाभरात ठीक झाले.

घरी आल्यावर नातीने डिस्चार्जचे कागद आणि घरच्या गोळ्यांची पाकिटं शेजारी ठेवून पाहिली. गुलाबी गोळी म्हणजे टेल्मिसार्टन ४०, माझी नेहमीचीच बीपीची, फक्त दुसऱ्या कंपनीची. आणि इकडे सूनबाई रोज रात्री माझी टेल्मिसार्टन घरच्या डब्यातून मला देत होती. तिला वाटलं, हॉस्पिटलवाले विसरले.

दसऱ्यानंतर डावा गुडघा आहे. डॉक्टर तेच, हॉस्पिटलही तेच. डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. मुलगा म्हणतो, ‘आई, तिथे उलटतपासणी करू नकोस. आपण त्यांच्या हातात असतो. चिडले तर बघणार नाहीत.’ संशयी म्हातारी न ठरता कसं विचारावं? आणि झालेला प्रकार हॉस्पिटलला सांगावा, की जाऊ द्यावं?

— एक बाई, सुदामानगर

उत्तर

बाई,

३१ वर्षं शिकवलंत, म्हणजे माझ्यासाठीही तुम्ही बाईच. ‘संशयी म्हातारी’ हे शब्द तेवढे पत्रातून खोडून टाका. मी ३४ वर्षं वॉर्डात काढली, शेवटची नऊ मेट्रन म्हणून, आणि खरोखरच्या संशयी म्हाताऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. सलाईनच्या बाटलीत नळाचं पाणी भरलंय म्हणून नवऱ्याला वास घ्यायला लावणारी एक होती. तुम्ही त्यांतल्या नाही. तुम्ही एक रास्त प्रश्न विचारलात आणि अर्ध्या उत्तरावर गप्प बसलात, एवढंच.

त्या सिस्टरबद्दल आधी बोलू, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट तीच वाटली. ती खोटं बोलली नाही. गोळी खरोखर ‘वही’ होती आणि कंपनी खरोखर ‘अलग’ होती. तिच्या वाक्यात काडीची चूक नव्हती, आणि तुम्ही मात्र वॉकरसकट कोसळायच्या बेतात होता. कारण त्या वाक्यात औषधाचं नाव नव्हतं. ती ‘टेल्मिसार्टन है, बीपी की’ एवढं म्हणाली असती, तर तुम्ही रात्री सूनबाईंना सांगितलं असतं, ‘अगं, बीपीची सकाळी दिली गं त्यांनी.’ संपला विषय.

आपल्याकडे एकच औषध किती नावांनी विकलं जातं ते आपल्या दवा बाजारात एक चक्कर मारली तर दिसतं. रंग वेगळा, आकार वेगळा, पाकीट वेगळं, आत औषध तेच. उलटही होतं. तुमची शुगरची मेटफॉर्मिन आणि पोटातल्या जंतूंवर देतात ती मेट्रोनिडाझोल, घाईघाईत लिहिलं तर ‘मेट’पर्यंत दोन्ही सारख्याच. म्हणून रंगावर विसंबायचं नाही आणि ‘नेहमीचीच’ या शब्दावर तर मुळीच नाही. पाकिटावर कंपनीने ठेवलेल्या नावाजवळ औषधाचं जेनेरिक, म्हणजे मूळ नाव आणि किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. ओळख पटवायची ती त्या नावाने.

आता, ४० च्या जागी ८० पोटात गेली म्हणजे विष गेलं असं समजू नका. टेल्मिसार्टन ८० पुष्कळ लोक रोज घेतात. पण ऑपरेशनमध्ये थोडंफार रक्त गेलेलं, जेवण धड नाही, वर दुखण्यावरच्या गोळीने डोकं गरगरणारं, अशा वेळी तेवढाच डोस भारी पडतो. याच कारणाने ऑपरेशनच्या दिवशी ही गोळी बऱ्याचदा थांबवतात आणि मग बीपी बघून पुन्हा सुरू करतात. सूनबाईंना हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तिला बोलू नका. तिने जे केलं ते मी शेकडो घरांतल्या मुलीसुनांना करताना पाहिलं आहे: पर्समध्ये स्टीलचा छोटा डबा, आणि सिस्टर पाठमोरी झाली की ‘घ्या पटकन’. मायेने केलेली गोष्ट असते, म्हणूनच पकडता येत नाही.

चूक कोणाची म्हणाल, तर भरती करताना ‘घरी कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत आणि इथे त्या कोण देणार’ हे ज्याने स्पष्ट केलं नाही त्याची सर्वांत मोठी. ते काम हॉस्पिटलचं. पण दसऱ्यानंतर तुम्ही पुन्हा त्याच बेडवर असणार, तेव्हा हॉस्पिटल सुधारेल तेव्हा सुधारेल, आपलं आपण काय करायचं ते बघू.

एक गोष्ट सांगते. माझ्या चुकीची आहे, त्यामुळे आडपडदा ठेवत नाही. हॉस्पिटलचं नाव तेवढं घेत नाही. पंचवीसेक वर्षं झाली. बायकांचा जनरल वॉर्ड, रात्रीच्या जेवणाआधीची इन्सुलिनची वेळ, आणि देवासकडच्या एक आजी. त्यांना २० युनिट होतं. मी सिरिंज भरली, २० च्या रेघेपर्यंत, अगदी डोळ्यांसमोर धरून. टोपण काढलं. आजींनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, ‘बेटी, आज ढक्कन लाल नहीं है? पोता तो लाल ही माँगता है.’

त्यांचा नातू रोज संध्याकाळी भेटायला यायचा आणि ती लाल टोपणं गोळा करून त्यांची आगगाडी करायचा. माझ्या हातातलं टोपण केशरी होतं.

बाई, आपल्याकडे इन्सुलिनच्या साध्या कुपीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि तिच्यासाठीच्या सिरिंजचं टोपण लाल असतं. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाल्या इन्सुलिनची. तिच्यावर २० ची रेघ गाठली तरी ४० वाल्या कुपीतलं औषध भरतं फक्त ८ युनिट. स्टोअरमधून त्या दिवशी दुसरा खोका आला होता आणि मी रेघ पाहिली, टोपण पाहिलं नाही. आजींना त्या रात्री निम्म्याहूनही कमी इन्सुलिन गेलं असतं. त्याने लगेच काही झालं नसतं. पण सकाळी शुगर चढलेली दिसली असती, डॉक्टरांनी डोस वाढवला असता, आणि ज्या रात्री लाल टोपणाची सिरिंज परत हाती आली असती त्या रात्री आजी घामाघूम होऊन बेशुद्ध पडल्या असत्या. आणि कोणाला कळलंही नसतं का ते.

आजींना इन्सुलिनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना फक्त ‘काल कसं होतं’ ते माहीत होतं. वॉर्डात ड्यूटी बदलते, सिस्टर बदलते, रेसिडेंट बदलतो, औषधांचा खोका बदलतो. पेशंट तेवढा तोच असतो. तुम्हाला ती गुलाबी गोळी खटकली ना, ते खटकणं म्हणजे हेच. तुमच्या डॉक्टरांकडेही ती माहिती नव्हती.

मला त्या क्षणी राग आला होता का? खरं सांगायचं तर, हो. अर्धा सेकंद. ‘आजी, टोपणाचं काय घेऊन बसलात’ असं अगदी ओठांवर आलं होतं. मग हातातल्या सिरिंजकडे पाहिलं आणि पाय गार पडले.

म्हणून तुमच्या चिरंजीवांचं म्हणणं मी सरळ उडवून लावणार नाही. चिडतात. रात्रपाळीला एकटीच्या अंगावर पंधरा-वीस पेशंट असतात, तिकडे कोणाचं सलाईन संपलेलं, इकडे नातेवाईक एसीच्या नावाने ओरडतायत, त्यात कोणी ‘ही कसली गोळी’ विचारलं की भुवई वर जाते. माझी जायची. पण ‘बघणार नाहीत’ हे मात्र मी मानत नाही. जी पेशंट नाव विचारते, तिच्या बेडशी जाताना मी चार्ट परत एकदा बघायची. वैतागून का होईना, बघायची. आणि जी सगळं निमूट गिळते तिच्या बेडपाशी हात आपोआप चालायचे. चुका आपोआप चालणाऱ्या हातांनी होतात.

भीड ही भिकेची बहीण, असं आपण लग्नकार्यातल्या देण्याघेण्याबद्दल म्हणतो. मी ती म्हण वॉर्डात पाहिली आहे. शिकलेली, खमकी माणसंही हॉस्पिटलचा गाऊन अंगावर चढला की निम्मी होतात. आणि कधीकधी तर बोलूनही भागत नाही. बॉस्टनला बेट्सी लेहमन नावाची पत्रकार होती, तिथल्या ‘बॉस्टन ग्लोब’मध्ये आरोग्याविषयी लिहिणारी. वय ३९. १९९४ मध्ये तिला कर्करोगावरच्या औषधाचा चार दिवसांत मिळून द्यायचा डोस रोज एक, असा चार दिवस दिला गेला. म्हणजे चौपट. काहीतरी भलतंच होतंय असं ती सांगत होती. आजारच असा, उपचारच असा, म्हणून ते बाजूला पडलं. डिसेंबरमध्ये ती गेली आणि चूक सापडली ती पुढच्या फेब्रुवारीत, तीही कागदपत्रं चाळताना. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन आणि केमोथेरपी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चिरंजीवांनी वाचावं म्हणून लिहिलं. जगातल्या नामांकित जागी, आरोग्यावर लिहिणाऱ्या बाईचं असं होऊ शकतं, तेव्हा ‘आपण त्यांच्या हातात आहोत’ हे गप्प बसायचं कारण होत नाही. बोलायचं कारण मात्र नक्की होतं.

बोलायचं कसं, ते आता.

‘गलत’ हा शब्द वापरू नका. ‘ये गलत गोली है’ म्हटलं की समोरची व्यक्ती स्वतःचा बचाव करायला लागते, गोळी बाजूलाच राहते. तुमच्यापाशी एक हत्यार आहे जे माझ्या बहुतेक पेशंटांकडे नव्हतं: वही. उशाशी वही-पेन ठेवा आणि गोळी हातात घेऊन, तोंडात नव्हे हातात, शांतपणे म्हणा, ‘सिस्टर, इसका नाम बता दीजिए, मैं लिख लेती हूँ. किसलिए है?’ बस. आरोप नाही, तक्रार नाही, निवृत्त मास्तरीणबाईंची हौस आहे. पण नाव सांगायला तिला पाकीट किंवा चार्ट बघावा लागतो, आणि तुम्हाला तेच हवं आहे. उत्तर ‘वही है’ असं आलं तर, ‘वही मतलब कौन-सी?’ हे विचारायला लाजू नका. तो प्रश्न तुमच्या ओठांवर होता, तो गिळायला नको होता. गोळ्या सुट्या कपात आणण्यापेक्षा पाकिटातून तुमच्यासमोर काढून द्यायला सांगता येतं. सगळीकडे ऐकतील असं नाही. पण ‘पन्नी यहीं फाड़ दीजिए’ यात कोणाचा अपमान नाही.

दुसरं, तुमचं नाव तुम्ही सांगा. हे वॉर्डाबाहेरच्या लोकांना क्षुल्लक वाटतं. ‘आप जोशी आंटी हैं ना?’ असं विचारलं की गुंगीतला पेशंट कशालाही मान हलवतो. मी एका गृहस्थांना सलग तीन आडनावांना ‘हां’ म्हणताना ऐकलं आहे. आणि ‘चौदा नंबर’ ही तर ओळखच नव्हे, कारण दुपारी चौदा नंबरचा पेशंट अकरावर हलवलेला असतो. नीट पद्धत म्हणजे पूर्ण नाव आणि मनगटावरच्या पट्ट्यावरचा नंबर, दोन्ही जुळवायचे. कोणी जुळवलं नाही तर मनगट पुढे करा आणि स्वतःच पूर्ण नाव सांगा. वर्गात एका आडनावाच्या दोन मुली असल्या की हजेरी घेताना तुम्ही काय करत होता? तेच. चिरंजीवांनाही सांगा, उलटतपासणी नको असेल तर हजेरी घ्या.

वेळ मात्र ओळखा. हे आतल्या गोटातलं सांगते. सिस्टर ट्रॉलीपाशी उभी राहून औषधं काढत असेल, सिरिंज भरत असेल, तेव्हा तिला हाक मारू नका. त्या वेळी मधेच कोणी बोललं की हात चुकतो. काही देशांत तर औषधं काढणाऱ्या सिस्टरच्या अंगात ‘मला अडवू नका’ असं लिहिलेलं जाकीट असतं. ती तुमच्या बेडशी आली की मग विचारा, हवे तेवढे प्रश्न विचारा. आणि ड्यूटी बदलताना, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठच्या सुमारास, जरा जास्त जाग्या राहा. दिलेलं लिहायचं राहून जातं आणि पुढची सिस्टर परत घेऊन येते. ‘अभी घंटा भर पहले ली थी’ हे वाक्य त्या वेळी लाखमोलाचं.

समाधान झालं नाही तर? अडवणं आणि नाकारणं यांत फरक आहे, तो ध्यानात ठेवा. ‘मी घेणार नाही’ नव्हे; ‘डॉक्टर साहब से एक बार पूछ लीजिए, फिर ले लूँगी. मुझे चिंता हो रही है.’ आणि ‘विचारून देणे’ अशी चार्टवर नोंद करायला सांगा. नोंद व्हायला लागली की माणसं विचारतातच. सिस्टर ऐकत नसेल तर इन्चार्ज सिस्टर, मग ड्यूटीवरचा डॉक्टर, मग तुमचे सर्जन, त्याच्याही वर नर्सिंग सुपरिटेंडेंट. पायरी सोडून थेट मोठ्या डॉक्टरांना फोन लावू नका. खालची सगळी माणसं दुखावतात आणि काम तिथेच अडतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये अशा पायऱ्या सरकारनेच ठरवून दिल्या आहेत. रायन नावाचा लहान मुलगा २००७ मध्ये गेला, आईवडिलांची काळजी वेळेवर कोणी मनावर घेतली नव्हती. २०१३ पासून तिथे ‘रायन्स रूल’ आहे: आधी सिस्टर किंवा डॉक्टर, मग त्या पाळीची इन्चार्ज सिस्टर, आणि तरीही शंका राहिली तर एक ठरावीक फोन नंबर, की दुसरे तज्ज्ञ येऊन बघतात. आपल्याला ही शिडी आपली आपण लावावी लागते. मात्र श्वास लागलाय, बीपी कोसळलंय, धावपळ चाललीय, अशा वेळी वही-पेन काढायचं नाही. तेव्हा काम करू द्यायचं, नावं नंतर.

ऑपरेशननंतरची पहिली रात्र तुम्ही गुंगीत असणार. तेव्हा विचारायचं काम कोणाचं, हे आधी घरी ठरवा, आणि ते चिरंजीवांना देऊ नका. त्यांना भीड आहे. नातीला द्या. जिने घरी बसून कागद आणि पाकिटं ताडून पाहिली ती पोर हुशार आहे.

आता तयारी. एक कागद. त्यावर प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव, मिलिग्रॅम, कधी घेता, कशासाठी. पाकिटं समोर ठेवून नातीकडून लिहून घ्या, आठवणीने नको. कुठल्या औषधाने कधी पुरळ उठलं असेल, दम लागला असेल, तर ते सगळ्यात वर, लाल शाईने. डोळ्यांचे थेंब, गुडघ्यासाठी कोणी दिलेला गुग्गुळ, साखरेसाठी चाललेला मेथी-कारल्याचा काढा, सगळं लिहा. ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून जे गाळलं जातं तेच ऑपरेशनच्या वेळी आडवं येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची हे सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर, दोघांनाही आधीच विचारा. या कागदाच्या तीन प्रती करा: एक फाइलमध्ये, एक उशाशी, एक नातीच्या मोबाइलमध्ये फोटो काढून.

भरती होताना तो कागद आणि घरच्या गोळ्या सिस्टरपुढे ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: ‘इनमें से कौन-सी आप देंगे और कौन-सी बंद रहेगी?’ उत्तर कागदावर त्या त्या ओळीपुढे लिहून घ्या. त्यानंतर घरच्या डब्यातून एक गोळीही पोटात जाणार नाही.

थायरॉईडच्या गोळीचंही तेव्हाच बोलून घ्या. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण पोह्यांनंतर आणि कॅल्शियमच्या जोडीला घेतलेली थायरॉईडची गोळी पुरती लागू पडत नाही. ती उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा-एक तास आधी, आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. हॉस्पिटलात पोहे आणि गोळ्या एकाच ट्रॉलीच्या वेळेला निघतात म्हणून हे होतं, कोणाच्या मनात काही नसतं. ‘सुबह छह बजे देंगे क्या?’ म्हटलं तर रात्रपाळीची सिस्टर जाण्याआधी देऊन जाते.

चार्टवरची अक्षरं तुम्हाला येत असतील तर उत्तम. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर. दुखण्यावरची गोळी एसओएस असेल आणि दर वेळी न विचारता येत असेल, तर ‘आत्ता दुखत नाही’ म्हणायला हरकत नाही. पण दुखणं सहन करत व्यायाम टाळू नका हं. डावा गुडघा वाकायचा कसा मग?

घरी निघताना डिस्चार्जचा कागद आणि तुमचा कागद शेजारी ठेवा, जे नातीने गेल्या खेपेला घरी येऊन केलं ते तिथेच, डॉक्टर समोर असताना करा. कुठली जुनी चालू, कुठली बंद, कुठली किती दिवसांनी सुरू, आणि नवीन नावाखाली जुनीच तर नाही ना.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, सांगावं की जाऊ द्यावं. सांगावं. आणि आत्ताच, दसऱ्याच्या आधी. तक्रार म्हणून नको, वकिली भाषा नको. एका पानावर तारीख, आयपीडी नंबर (भरतीच्या कागदावरचा), काय घडलं, बीपी किती निघालं, आणि घरच्या डब्यातून आम्हीही गोळी देत होतो हेही, प्रामाणिकपणे. शेवटी एकच मागणी: पुढच्या भरतीच्या वेळी घरच्या औषधांची यादी सही करून घ्यावी. सिस्टरचं नाव लिहू नका. मेट्रन असताना माझ्याकडे अशी पत्रं यायची तेव्हा नाव असलं की सगळे ‘ती कोण, तिला बोलवा’ यात अडकायचे आणि पद्धत बदलायची राहून जायची. पत्र नर्सिंग सुपरिटेंडेंटच्या नावे, एक प्रत सर्जनना, आणि पोच घ्या.

तुमच्या त्या तीन दिवसांच्या चार्टची प्रत हवी असेल तर लेखी मागा. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत. माहिती मिळणं, कागदपत्रं मिळणं आणि गाऱ्हाणं ऐकून घेतलं जाणं हे त्यांतलेच. हे पत्रात लिहू नका, मनात असू द्या. लिहिलं की चांगला माणूसही फाइल बंद करून कायदा विभागाकडे पाठवतो. पत्राला उत्तरच आलं नाही तर मग सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, १८१ ची सीएम हेल्पलाइन आहे, पण तुमच्या प्रकरणात तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. आणि कधी एखाद्या औषधाचा त्रास झाला, चूक कोणाची नसतानाही, अंगावर गांधी आल्या वगैरे, तर १८००-१८०-३०२४ हा केंद्राच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर आहे. तिथे पेशंटही कळवू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही.

सूनबाईंना माझा एक निरोप द्या. त्या चार दिवसांत काही न्यायचंच असेल तर घरचा मऊ वरणभात न्या, पथ्याचं विचारून. गोळ्यांचा स्टीलचा डबा मात्र घरी देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवा, आणि किल्ली नातीपाशी.